कारण निवडणे आवश्यक

आश्विनातल्या तापलेल्या दुपारी संगणकाच्या पडद्यावर एक लाल चौकट उमटते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ओळ येते : आवश्यक रकाना रिकामा आहे. बाहेर रोडपालीच्या रस्त्यावर ट्रेलरांचा धुरळा, आत एसीची गार, उदास घरघर. कचेरीचं सॉफ्टवेअर अडलं की ते मोकळं करण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे या लाल रंगाची मला भीती वाटत नाही, चीड येते. माणसाच्या आयुष्यात किती जागा रित्या राहतात, आणि तरी ते चालतंच ना? यंत्राला मात्र रितेपण सोसवत नाही.

आमच्या लेखा विभागातल्या रिबेकाताई निवृत्तीला आल्या आहेत. घराणं पिढ्यान्पिढ्या कोकणातलं, बेने इस्रायली ज्यू. बहुतेक गणगोत इस्रायलला गेलं, या पनवेलला राहिल्या. दरवर्षी त्या दारफळणीच्या सणाची एक रजा घेतात. त्या दिवशी दार लावून घ्यायचं, पांढरं नेसायचं, निर्जळी उपास करायचा आणि वर्षभरात बोललेल्या खोट्याची देवाकडे क्षमा मागायची. पूर्वी रजेचं कारण आपल्या शब्दांत लिहिता येई. यंदाच्या नव्या आवृत्तीत ती जागाच नाहीशी झाली. उरली कारणांची तयार यादी, आणि त्या यादीत हा सण नव्हता.

ताईंची तक्रार माझ्याकडे आली. मी आधी त्यांचे संगणकातले अधिकार तपासले, मग जुनी मांडणी नवीशी ताडून पाहिली. दोष सापडला, पण यादीत भर घालण्याची मुभा फक्त मुख्य कार्यालयाला. तिथून उत्तर आलं : यादीतलं जवळचं कारण निवडावं. क्षमायाचनेच्या जवळचं कारण कोणतं, हे विचारायला तिथे माणूस कुठे होता! अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणून मी पुन्हा विनवलं. पुन्हा तेच उत्तर.

"ताई, आजारपण टाका ना, सगळेच टाकतात," आमचे साहेब म्हणाले.

"नको साहेब. इतर दिवशी टाकलंही असतं. त्या दिवसासाठी नाही."

सण आला, ताई घरी राहिल्या. साहेब मनाने वाईट नाहीत. बाईची रजा बुडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या अधिकारात ताईंच्या नावापुढे आजारपण निवडलं. अर्ज मंजूर झाला, माझ्याकडची तक्रार निकाली निघाली. भलेपणाने केलेल्या खोट्याइतकं निर्धास्त खोटं दुसरं नसतं. मला साहेबांचा राग आला, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना.

दुसऱ्या दिवशी ताईंनी संगणक उघडला. यंत्राने आपणहून पाठवलेला निरोप वाट पाहत होता : लवकर बऱ्या व्हा. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मला बोलावून घेतलं.

"तिकडे मी माफी मागत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि इकडे माझ्याच नावावर नवं खोटं चढत होतं. हे काढून टाक रे."

"रजेला कारण लागतंच, ताई."

"मग रजा नको. गैरहजर लाव. नव्हतेच ना मी इथे, तेवढं तरी खरं आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी कधी लागली नव्हती. ती मी माझ्या हाताने लावली. यंत्राने काहीही न विचारता ती तत्क्षणी स्वीकारली. गैरहजर माणसाला कारण विचारणारा रकाना कुणी केलेलाच नव्हता.