मास्तर आणि गाळलेल्या रेघा

जपानी भाषेचा एक शब्दही न बोलता जपानी लोकांचं शुद्धलेखन तपासणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो टोकियोतल्या एदोगावात आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत असे. गृहस्थ कोरियन होते. जन्मभर तिकडच्या एका शाळेत त्यांनी चिनी अक्षरं शिकवली होती. बँकेने मला टोकियोला पाठवलं तेव्हा त्यांची ओळख झाली. परदेशी नावं लक्षात ठेवायचा मनस्वी कंटाळा असलेल्या माझ्या बायकोने, मेधाने, पहिल्याच दिवशी त्यांचं ‘मास्तर’ करून टाकलं, आणि ते त्यांना इतकं शोभलं की खरं नाव आमच्या तोंडी कधी बसलंच नाही.

मोठ्या भूकंपानंतर परदेशी माणसं मिळेल त्या विमानाने टोकियो सोडत होती, त्या दिवसांत मास्तर उलट्या दिशेच्या विमानात बसले. मुलगी इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिला हाताला धरून घरी न्यायला ते आले होते. मुलगी काही हलेना. तिची समजूत पटेपर्यंत थांबू म्हणून मास्तर राहिले, सहज म्हणून स्टेशनापर्यंत फिरायला गेले, आणि तिथल्या पाट्या पाहून जे रमले ते रमलेच. त्याचं असं आहे की कोरियन भाषेला स्वतःची सुटसुटीत लिपी आहे, हांगुल नावाची. पण शेकडो वर्षं शिकलेली माणसं चिनी अक्षरंही वापरत. मग आपल्याकडे मोडीचं झालं तेच तिकडे त्या अक्षरांचं झालं. आधी ती पाट्यांवरून गेली, मग पेपरातून, मग पोरांच्या डोक्यातून, आणि मास्तरांचा विषय वेळापत्रकात पी.टी.च्या शेजारी शेवटच्या तासाला जाऊन बसला. इथे जपानात पाहावं तिकडे तीच अक्षरं! आग विझवायच्या नळकांड्यावर अक्षरं, कचऱ्याच्या जाळीवर अक्षरं. मास्तर प्रत्येक पाटीपुढे उभे राहून ती कोरियन उच्चारांत खणखणीत वाचत. माणसं वळसा घालून जात. मुलगी एकदा मला म्हणाली, “सोडून गेलेली पूर्वीची मैत्रीण दुसऱ्या गावात सापडावी, तसं झालंय बाबांचं.”

पण या मैत्रिणीचं वागणं त्यांना पसंत नव्हतं. जपान्यांनी मागे कधीतरी सोयीसाठी बऱ्याच अक्षरांतल्या रेघा कमी केल्या, मास्तरांकडे मात्र ती जुन्या भरगच्च रूपात होती. त्यांच्या लेखी ही सरळसरळ कामचुकारी होती. रस्त्याने जाताना ते हवेत बोटाने गाळलेल्या रेघा भरत चालत. एके दिवशी मात्र मोह अनावर झाला आणि कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा या इमारतीतल्या सूचनेवर त्यांनी काळ्या पेनाने सगळ्या रेघा भरून टाकल्या. आता पोलीसच येणार अशी आमची खात्री. आले ते इमारतीचे व्यवस्थापक, मास्तरांच्याच वयाचे. सूचनेपुढे ते बराच वेळ उभे राहिले, मग वर येऊन कमरेत वाकले आणि म्हणाले, “माझे वडील असंच लिहायचे.” तेव्हापासून इमारतीची प्रत्येक सूचना लागण्यापूर्वी वरच्या मजल्यावर तपासणीला जाऊ लागली. फक्त कचऱ्याचा वार कोणालाही नीट वाचता येईना, आणि आमच्या मजल्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या दोनदा परत आल्या.

जपानी बोलता येत नसल्याने मास्तर सगळा व्यवहार लिहून करत. खिशात कागदाचे तुकडे असत, ते संपले की तळहात. एकदा पोट बिघडलं म्हणून औषधांच्या दुकानात त्यांनी इतक्या भारदस्त अक्षरांत तक्रार लिहून दिली की तिथल्या बाईंना ती कविता वाटली. त्यांनी दोन्ही हातांनी कागद घेतला, वाचला, “सुंदर!” म्हणाल्या आणि औषध न देता परत केला. मला ते मुलीमार्फत फार सोपे प्रश्न विचारत आणि माझ्या उत्तरांनी फार निराश होत. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव विचारलं आणि लगेच, मूळ गाव? मी ठाणे म्हणालो. त्यांनी मान हलवली. राहायचं गाव नव्हे, घराणं जिथून निघालं ते. हे मुलीने समजावून दिल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लग्न जमवताना मेधाच्या आत्याने मला हेच विचारलं होतं, आणि तिलाही माझं उत्तर पटलं नव्हतं.

मास्तरांची बायको मुलगी जपानात येण्यापूर्वीच वारली होती. दरवर्षी तिच्या तिथीला ते ताट मांडत: भात, मासा, नासपती. ताटामागे तिकिटाएवढ्या रुंदीचा कागदाचा उभा कपटा लावत. त्यावर स्वतः कुंचल्याने चिनी अक्षरांत मजकूर लिहीत: दिवंगत पत्नी, अमुक मुळाच्या अमुक घराण्यातली, हिचं आसन. अक्षरं आली की ती येते, आणि कागद जाळला की जाते. हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असे. आणि एका हिवाळ्यात मास्तरांना झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा हात गेला.

तिथी जवळ आली तसे मास्तर अस्वस्थ झाले. कागद कोण लिहिणार? मुलगी म्हणाली, इंटरनेटवर तयार नमुना मिळतो, छापून घेऊ. मास्तर म्हणाले, छापील बोलावण्यावर कोण येतं? मग मी हांगुलमध्ये लिहिते, ती म्हणाली. मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. व्यवस्थापक आनंदाने तयार झाले होते, पण ते रेघा गाळतील ही भीती. उरलो मी. माझी लायकी एवढीच की मला कुठलंच वळण नव्हतं, त्यामुळे चुकीचंही नव्हतं. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की मी वर जाई आणि रद्दीवर कुंचला घासत बसे. मास्तर डाव्या हाताने माझ्या मनगटावर टिचक्या मारत. मेधा म्हणायची, “दहावीला एवढं बसला असतास तर!”

तिथीच्या संध्याकाळी मेधाही वर आली होती, आणि मी एकदाचा तो कागद लिहिला. मास्तरांनी तो उजेडात धरून पाहिला, सुस्कारा सोडला आणि ताटामागे लावला. तेवढ्यात मुलगी ऑफिसातून आली. दमलेली होती. कागदाकडे पाहून ती कोरियनमध्ये काहीतरी बोलली, आणि आम्ही तिथे आहोत हे लक्षात येताच सवयीने आमच्यासाठी इंग्रजीत तेच पुन्हा म्हणाली. पुढचं सगळं भांडण तिने असंच इमानेइतबारे भाषांतर करत केलं.

“बाबा, आईला यातलं एकही अक्षर येत नव्हतं. तिच्या घरी मुलींना शिकवलीच नाहीत. मग हा कागद कोणासाठी?”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर मी होतो.”

मग ते ताटाकडे बघत सांगू लागले. लग्न झालं तेव्हा पेपर या अक्षरांनी भरलेला असे. सकाळी ती लसूण सोलत बसायची आणि ते तिला पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून मयतांच्या बातम्यांपर्यंत. ती मध्येच मंत्र्यांना शिव्या द्यायची. मग वर्षावर्षाने पेपरातली ही अक्षरं कमी होत गेली आणि तिला येणारं हांगुल वाढत गेलं. एके सकाळी ते उठून बाहेर आले तर तिचा सगळा पेपर वाचून झाला होता, आणि तिनेच त्यांना बातम्या सांगितल्या.

“फार खुशीत होती,” मास्तर म्हणाले. “मीही शाबास म्हटलं. त्यानंतर मला कोणी काही वाचायला सांगितलं नाही.”

मुलीने याचं भाषांतर केलं, पण शेवटचं वाक्य तिला दोनदा सुरू करावं लागलं. इतकी वर्षं चाललेलं मास्तरांचं भांडण रेघा गाळणाऱ्यांशी नव्हतं, त्या एका सकाळशी होतं, हे मला तेव्हा कळलं. मुलगी पर्स खाली ठेवून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. ताटामागच्या कागदाकडे बोट करून हळूच काहीतरी म्हणाली. त्याचं भाषांतर तिने केलं नाही, आणि आम्हाला लागलंही नाही. कारण मास्तर सावरून बसले, घसा साफ केला, आणि मी लिहिलेली ती मोजकी अक्षरं, वर्तमानपत्राचं अख्खं पान असावं अशा संथ आवाजात, एकेक करून लेकीला वाचून दाखवू लागले.

माझी बदली संपून आम्ही मुंबईला परतलो, आणि पुढे मास्तर गेल्याचा मुलीचा निरोप आला. त्यांचा कागद कोणी लिहिला, कोणत्या लिपीत लिहिला, हे विचारायला फोन उचलला होता, पण विचारलं नाही. तो कोणीतरी मोठ्याने वाचला असावा, एवढंच मला वाटत राहिलं.