टीव्हीने नवी केलेली आमची जीप

टीव्हीवर जुन्या गाड्या नव्या करून दाखवतात ना, त्या नव्या होत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यातली एक गाडी आमची होती.

परवा नात असलाच एक कार्यक्रम बघत बसली होती. आधी गंजलेली मोटार, मग ठिणग्या, मग जाहिरात, मग नवीकोरी मोटार आणि तिच्यापुढे ढसाढसा रडणारी बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"बंद कर ते!" मी ओरडले.

"आजी, तुला काय झालं गं?"

मग सांगणं आलंच.

एक तप होऊन गेलं असेल. तेव्हा मी अवघी साठीची पोर होते. (अक्कल त्याहून बरीच लहान.) तीर्थपुरीजवळ आमची मोसंबीची बाग, आणि मोसंबी जालन्याच्या बाजारात नेणारी आमची जीप. रंग उडालेला, एक दार दोरीनं बांधलेलं. पण एका चावीत सुरू! यांचा तिच्यावर भारी जीव. रोज सकाळी तिला पाणी विचारायचे. मला कधी चहा विचारला नाही. आणि मला तर तिच्यातून लग्नाला जायची लाज वाटायची. म्हणून टीव्हीवर 'तुमची जुनी गाडी आम्ही नवी करू' अशी पट्टी फिरली, तशी मी पुतण्याला सांगून जीपचा फोटो पाठवून दिला.

आणि आले की हो ते! दोन गाड्या भरून माणसं, छत्र्या, दिवे. हाफपँटमधला डायरेक्टर जीपभोवती फिरला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"आजी, ही तर चालते!"

"चालते म्हंजे? बराबर चालते!"

"चालणारी गाडी कोण बघणार? आपल्याला मेलेली पाहिजे."

इथं एखाद्या शहाण्या बाईनं काठी उचलली असती. मी पदर खोचला! त्यांच्या मिस्त्रीनं बॅटरी काढली, सेल्फ काढला, चाकांची हवा सोडली. बॉनेटवर माती मी टाकली. काचेवर शेण मी फासलं. (सून आली तेव्हा घर एवढ्या मन लावून सारवलं नव्हतं!)

हे लांबून बघत होते. "अगं, पुढच्या हप्त्यात तोडणी हाय. मोसंबी काय डोक्यावर नेऊ का?"

"तुम्ही गप बसा हो. नवी होऊन राह्यली तुमची जीप!"

तरी डायरेक्टरचं समाधान होईना. "अजून ओसाड पाहिजे, आजी. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, असं वाटलं पाहिजे."

"थांबा!" म्हणत मी शेजारच्या गयाबाईकडे पळाले आणि तिची खुडूक कोंबडी अंड्यांच्या पाटीसकट आणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवली. कोंबडीनं पंख पसरले, डोळे मिटले आणि अंडी उबवायला लागली. डायरेक्टर नाचायचाच बाकी राहिला. "आजी, तुम्ही जीनियस आहात!" दिवसभर मी हवेत.

दुसऱ्या दिवशी जीप ट्रकवर चढताना दाखवायची होती. ट्रक आला, साखळदंड आले आणि आडवी आली गयाबाई.

"जीप हलवायची न्हाई! पिल्लं निघंपर्यंत बिलकुल न्हाई!"

"मावशी, कोंबडी दुसरीकडे ठेवा ना."

"तुमच्या घरच्या बाळंतिणीला असंच उचलून ठिवता का रे?"

डायरेक्टरनं आत हात घातला. कोंबडीनं त्याला असं टोचलं की बोटाला पट्टी बांधावी लागली. जीप जाणार नाही, तर नवी कशी होणार! पण हा बाबा निवांत. "काही हरकत नाही. नवी आणलेलीच आहे."

मागं उभ्या दुसऱ्या ट्रकवरून ताडपत्री निघाली. आत लालभडक जीप! तिला आमचा नंबर चिकटवलेला.

"ही कुणाची?"

"तुमचीच. आजी, महिन्याचं काम दोन दिवसांत कुठं होतं का? सगळीकडे असंच असतं."

यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्या लाल जीपपुढे उभं केलं. पट्टी सोडली. "काका, काय वाटतंय?"

"ही माझी जीप न्हाई."

"कट! काका, तुमचा विश्वासच बसत नाहीये ना?"

"बिलकुल बसत न्हाई. माझी जीप तिकडं उभी हाय. आत कोंबडी हाय."

"कट!"

पाच-सहा वेळा झालं. माणूस खोटं बोलेचना! शेवटी डायरेक्टर काकुळतीला आला. "आजी, तुम्ही करता का?"

काय सांगू! त्या परक्या जीपच्या बॉनेटवर पडून "हीच गं माझी बाई!" म्हणत मी असा हंबरडा फोडला की कॅमेरावाल्यानं डोळे पुसले. पहिल्या झटक्यात पास!

डोळे पुसून बघते तर लाल जीप परत ट्रकवर चढतेय.

"अरे, कुठं नेता?"

"नांदेडला. उद्या तिथल्या कुटुंबाला द्यायचीय."

"द्यायचीय?"

"म्हणजे, दिलेली दाखवायचीय."

धूळ उडवत गेले मुडदे! आमची बॅटरी आणि सेल्फसुद्धा त्यांच्याच ट्रकमध्ये गेले. फोन करून करून माझं बोट दुखलं, कुणी उचलला असेल तर शपथ! तोडणी झाली आणि मोसंबी भाड्याच्या टेम्पोतून गेली. टेम्पोत बसताना यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पिल्लं निघाली, नवी बॅटरी, नवा सेल्फ आला, तेव्हा कुठं जीप सुरू झाली. यांचं तोंड त्यानंतर आठ दिवसांनी.

"मग तो भाग टीव्हीवर लागला का गं?" नातीनं विचारलं.

लागला ना! एकेक खोटं पकडायचं म्हणून मी कंबर कसून पुढ्यात बसले. गंज खोटा, ठिणग्या खोट्या, मिस्त्रीचा घाम खोटा! यांना ओरडून ओरडून दाखवत होते. मग सनई सुरू झाली, पडदा हळूहळू सरकला, लाल जीप चकाकली आणि ती बाई बॉनेटवर पडून रडायला लागली...

मी पदर डोळ्यांना लावला. "अहो, बघा ना," हुंदका देत मी यांना म्हणाले, "कशी होती अन् कशी नवी करून दिली बिचाऱ्यांनी!"