पंप काही गप्प बसेना

इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो बंदराच्या आमच्या लाकडी पर्यटक बोटीवर डाएंग टोम्पो इंजिन सांभाळतात आणि मी चूल. बोटीवरचे संडास हवेने सगळं खेचून नेणारे. पायाखालचा खटका दाबला की भांड्याच्या तळाचं झाकण उघडतं. पाय काढला की ते घट्ट बसतं आणि थोड्या वेळाने हवेचा पंपही थांबतो.

त्या दिवशी सकाळपासून पंप थांबायचं नावच घेईना. कुठूनतरी हवा आत शिरत होती.

"पाहुण्यांनी कागद कोंबला असणार!" डाएंग कडाडले. "पाण्याने ढुंगण धुवायला काय जातं यांचं?"

एकेका खोलीच्या नळीची चावी बंद करत ते पंपाकडे कान लावत होते. पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या झाल्या तरी घरघर चालूच. शेवटी आम्हा बोटीवरच्या माणसांच्या संडासाची चावी फिरवली, आणि पंप एकदम शांत.

मी दार उघडलं. बादली आणि टमरेल नसेल तर आम्हाला संडासाला गेल्यासारखंच वाटत नाही. पण तिथे जागा ती केवढीशी! म्हणून कुणीतरी काठोकाठ भरलेली बादली थेट खटक्यावरच टेकवून ठेवली होती. खालचं झाकण सताड उघडं.

बादलीवर लाल रंगात ठळक लिहिलं होतं : 'टोम्पो. हात लावू नये.'

डाएंगनी बादली उचलली, नाव दिसणार नाही अशी पोटाशी धरली आणि म्हणाले, "बघ हसनिया, कुठपर्यंत मजल गेली या पाहुण्यांची!"