अकरावी खिडकी खोटी आहे

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. असले अनुभव वाचून "हिला झोप कमी पडत असेल" म्हणणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचाच राग येतोय... पण आठ महिने झाले, डोक्यातून जात नाही.

मी रायपूरला, तेलीबांध्याला राहते. घरी बसून लोकांची पुस्तकं लिहून देते — घराण्याचा इतिहास, कंपनीचा इतिहास, असलं काहीबाही. मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका श्रीमंत गावाचं काम आलं. तिथे व्यापाऱ्यांनी समुद्राकडे तोंड करून मोठमोठे बंगले बांधले होते. बरेचसे पडले, काहींची हॉटेलं झाली. त्यांचा इतिहास लिहायचा होता. काम देणारी बाई त्यातल्याच एका घरची सून. तिने त्यांच्या पाडलेल्या बंगल्याचा जुना फोटो पाठवला. फक्त समोरची बाजू. याआधी तो कुठेच छापलेला नव्हता.

माझी आत्या माझ्याकडेच असते. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, डोकं माझ्यापेक्षा शाबूत. जन्म रायपूरचा, आणि नागपूरच्या पुढे ती कधी गेलेली नाही. समुद्र पाहिलेला नाही — हे मुद्दाम सांगतेय.

एका दुपारी ती माझ्याजवळ लाल भाजी निवडत बसली होती. मी मोठ्याने वाचत टाईप करत होते, "समुद्राकडे उघडणाऱ्या अकरा खिडक्या..."

"दहा," आत्या म्हणाली.

"मोजल्या ना मी. अकरा आहेत."

"कोपऱ्यातली खोटी आहे. तिथं दार होतं. खाली पाण्याकडे पायऱ्या जात. मंग दार बुजवलं आन् वरून खिडकी लावून देली."

"हे तुले कोणी सांगितलं?"

तिने मान वर केली... जसं काही मीच वेड्यासारखं विचारलंय. "काय सांगितलं?"

"आत्ता बोलली ते! खिडकीचं!"

"मी काहून बोलू? मी भाजी निवडून राहिली."

मी वैतागले. तरी विसरू नये म्हणून तिचं बोलणं मजकुरात लाल अक्षरांत टाकून ठेवलं, आणि मूर्खासारखी तीच फाईल पाठवून दिली.

तिसऱ्या दिवशी फोन. त्या बाईचे आजेसासरे, नव्वदीच्या घरातले. "ते दाराचं तुम्हाला कोणी सांगितलं?" नातसुनेने माझा मजकूर त्यांना वाचून दाखवला होता.

मी माफी मागितली. चुकून राहिलं, काढून टाकते म्हटलं.

"काढू नका... आधी सांगा." मग तेच बोलायला लागले. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची थोरली बहीण त्या दारातून पाण्याकडे गेली, ती परत आलीच नाही. सकाळी दोघांचं भांडण झालं होतं — यांनी तिचं फाउंटन पेन मोडलं म्हणून. वडिलांनी दार बुजवून घेतलं, आणि समोरून बंगला एकसारखा दिसावा म्हणून वर खिडकीच्या झडपा ठोकल्या. घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे आलेल्या सुनांनाही नाही.

मी आत्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना एवढं विचाराल का, बाई... ताई माझ्यावर रागावून गेली होती का?"

इथून माझे हाल सुरू झाले. आत्याला विचारलं, तर "मले काय मालूम?" प्रेमाने विचारलं, चिडून विचारलं, फोटो समोर धरला, पुन्हा भाजी देऊन त्याच जागी बसवलं. काही नाही! चुलत भावंडांना फोन केले — आत्याची तिकडे कोणाशी ओळख होती का? नव्हती. इंटरनेट पालथं घातलं. तिकडे आजोबा दर दोन-चार दिवसांनी विचारायचे, "काही बोलल्या का?" आणि मी दर वेळी "नाही हो." लिहायला बसलं की तेच डोक्यात. शेवटी मी आत्यावर ओरडले, "एक म्हातारा माणूस तिकडे तडफडून राहिला, आन् तू नाटकं करून राहिली!"

ती चार दिवस माझ्या खोलीत आली नाही. भाजीसुद्धा गॅलरीत बसून निवडायची.

पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना तीच म्हणाली, "त्याले सांगून दे. नव्हती रागावली."

"हे तुले माहीत आहे, का माझी कटकट संपावी म्हणून म्हणते?"

"तुले सांगायचं आहे का नाही?"

"आत्या, खरं सांग!"

"हव, हव... खरंच," म्हणत ती कप विसळायला निघून गेली.

मी फोन लावला. "नव्हत्या रागावल्या," म्हटलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. पुस्तक छापून आलं. दाराचा मजकूर त्यांनीच नातसुनेकरवी कळवल्यामुळे गाळला.

तुमच्यापैकी कोणी योगायोग म्हणेल. म्हणा, मलाही तेच म्हणायचं होतं. आत्याला ते कसं कळलं, मला आजही सांगता येत नाही. पण त्याहून जास्त छळतं ते वेगळंच — त्या माणसाला मी खरं सांगितलं की खोटं, तेच मला माहीत नाही.