मागच्या खोलीतल्या आजी

अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरमध्येच मोठं घर घेतल्यावर आम्ही जुनं घर भाड्याने द्यायचं ठरवलं. पहिलाच फोन एका बाईंचा आला. आवाज थकलेला, पण बोलणं स्वच्छ. "तुम्ही हाउसिंग व्हाउचर घेता का? आधी तेच विचारते, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही."

व्हाउचरवाल्या भाडेकरूच्या भाड्याचा मोठा हिस्सा सरकार थेट घरमालकाला देतं, एवढं मला माहीत होतं. ओळखीच्या लोकांनी त्या भानगडीत पडू नका म्हणून बजावलंही होतं. तरी घर दाखवायला काय हरकत आहे, म्हणून मी त्यांना बोलावलं.

त्या आल्या त्या एका आजींचा हात धरून. स्वतः पन्नाशीच्या, शाळेच्या कॅफेटेरियात स्वयंपाक करायच्या. दोघी सध्या मोटेलमध्ये राहत होत्या. त्या आधी बाथरूममध्ये गेल्या, टबची कड हाताने चाचपली आणि आजींना विचारलं, "मॉम, जमेल?"

तुमची आई का, असं मी सहज विचारलं.

"माझ्या आधीच्या नवऱ्याची आई," त्या म्हणाल्या. "तो आम्हा दोघींना सोडून गेला. मग आम्ही दोघीच राहिलो."

गाडीत बसताच माझा नवरा म्हणाला, "यांनाच देऊ या."

पण व्हाउचरसाठी होणाऱ्या सरकारी इन्स्पेक्शनमध्ये घर नापास झालं. मागच्या बेडरूमची खिडकी रंगाने घट्ट चिकटली होती, आणि आग लागली तर तिथून बाहेर पडता यायला हवं असा नियम. व्हाउचर वापरायची मुदत संपत आली होती. मी भीत भीत फोन केला, तर त्याच मला धीर देऊ लागल्या. खिडकी उघडायलाच हवी, मॉम त्याच खोलीत झोपणार आहेत, असं म्हणाल्या. शनिवारी नवऱ्याने चौकटीचा रंग खरवडला, बाईंनी काच धरून ठेवली. दुसऱ्या तपासणीत घर पास झालं.

पुढे एसीचं काही काम निघालं की मी जायचे. हिवाळ्यात त्या अंगणातल्या उन्हात आजींचे केस विंचरत बसलेल्या दिसायच्या. हळूहळू आजींना माणसांची ओळख पटेनाशी झाली. त्या बाईंना नर्स म्हणू लागल्या. बाई त्या हाकेलाही ओ द्यायच्या.

गेल्या वर्षी आजी गेल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा आधीचा नवरा, परगावाहून आला. त्याला पाहून माझंच डोकं तापलं. बाईंनी मात्र त्याला जेवायला वाढलं आणि मागच्या खोलीत नेऊन कितीतरी वेळ त्याच्याशी बोलत बसल्या. तो गेल्यावर मी विचारलं, इतकं काय बोललात?

"मॉम शेवटपर्यंत त्याची वाट पाहत होत्या," त्या म्हणाल्या. "कुणीतरी त्याला ते सांगायला हवं होतं."

आता घरात एकच माणूस म्हणून त्यांच्या व्हाउचरची रक्कम कमी झाली. पूर्वीचं भाडं परवडणार नाही म्हणून त्या घर सोडायची तयारी करत होत्या. आम्ही भाडं कमी केलं आणि तसं हाउसिंग ऑफिसला कळवलं. त्या अजून तिथेच राहतात.