आप्पांच्या तपासणीची पावती

माझे वडील, आप्पा, वैरागला भुसाराचं दुकान चालवतात. लग्न होऊन मी सोलापूरला आले त्याला वीस वर्षं झाली, पण लेकीचा एक रुपया अंगावर घ्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट काही सुटला नाही. माझ्या घरी कपभर चहा प्यायले तरी पायलीभर ज्वारी ठेवून जाणार. आई गेल्यापासून मला त्यांच्या तब्येतीची फार काळजी वाटायची. एकदा रक्त तपासून घेऊ म्हटलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?"

मार्ग सापडला तो ऑफिसात. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कारकून आहे. दरवर्षी फेब्रुवारीत आमच्याकडून टॅक्ससाठी खर्चाचे कागद मागतात. त्या वर्षी कळलं, की आई-वडिलांच्या आरोग्य तपासणीचा खर्चसुद्धा उत्पन्नातून वजा होतो. मी जेवणाच्या सुट्टीतच फोन लावला.

"आप्पा, तुमी रक्त तपासलं तर माझा टॅक्स वाचतोय."

"सरकारकडनं सुटतंय व्हय? मग सोडायचं कशाला!"

दुसऱ्या दिवशी आप्पा पहिल्या एसटीनं उपाशीपोटी हजर. लॅबमध्ये बाही वर करून बसले ते मोठ्या रुबाबात. "पावती पक्की घे," म्हणून वर मलाच दटावलं. नंतर सात रस्त्याजवळच्या हॉटेलात आम्ही इडली खाल्ली. बिल मात्र त्यांनी मला देऊ दिलं नाही.

"इडली टॅक्समदी बसत न्हाय," म्हणाले.

असं दरवर्षी चाललं. तिसऱ्या वर्षी रिपोर्टात साखर निघाली, गोळी सुरू झाली. दरवर्षीची सगळी तपासणी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

आणि नेमकं त्यानंतर ऑफिसात मी नवी करपद्धत घेतली. तिच्यात माझ्या पगारावर टॅक्सच लागत नव्हता. ना वजावट, ना कागद. मी खुशीत पेढे वाटले. घरी येताना बसमध्ये एकदम लक्षात आलं, आता आप्पांना आणायचं कसं?

मग मी सरळ खोटं बोलले. "आप्पा, टॅक्सचे दिवस आले बघा." ते आले. पुढच्या वर्षीही आले. बिनकामाची पावती मी त्यांच्यादेखत घडी करून पर्समध्ये ठेवायची. स्वतःची लाज वाटायची, पण रिपोर्ट हातात पडला की ती विसरूनही जायची.

या फेब्रुवारीत रक्त देऊन झालं आणि मी सवयीनं काउंटरकडे वळले. मागून आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की पावती. तुजी सूट कवाच बंद झालीय."

माझा चेहरा पडला. "कुणी सांगितलं?"

"जावईबापू बोलून गेले. दोन वर्सं झाली."

"मग तुमी येत का होता?"

कोपरावरचा कापूस दाबत ते हसले. "फोनवर लई जीव तोडून खोटं बोलतीस तू. मला तुजं मन मोडवंना."

आम्ही नेहमीच्या हॉटेलात गेलो, इडली खाल्ली. बिल आलं. आप्पांचा हात खिशाकडे गेला नाही. त्यांनी बिलाची बशी हळूच माझ्याकडे सरकवली, आणि बिनसाखरेचा आणखी एक चहा सांगितला.