डबल बेलवर सुटणारं जहाज

तुम्ही ती मालिका पहिल्यांदा कुठे पाहिलीत, हे खरं सांगाल का? तीच, अंतराळात भटकणाऱ्या जहाजाची. परदेशात आमच्या जन्माआधीपासून चालू असलेली आणि अजूनही संपायचं नाव न घेणारी. तिचे शहरातले चाहते भेटले की एकमेकांना हाच प्रश्न विचारतात. कुणी सांगतं वडिलांच्या मांडीवर बसून, कुणी सांगतं हॉस्टेलवर, कुणी कांजिण्या आल्या होत्या तेव्हा हिंदी डबिंगमध्ये. छान आहे. पण महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या तमाम चाहत्यांच्या वतीने मी जाहीर करते की आम्ही ती मालिका पाहिलीच नाही. आम्ही ती ऐकली. एस.टी.त बसून, कशेडी घाटात, पुढे दरड कोसळलेली असताना. आणि आमच्या खोऱ्यात अंतराळ घेऊन येणारा माणूस कुणी शास्त्रज्ञ नव्हता. तो माझा मामा होता, छातीवर बिल्ला लावलेला कंडक्टर. त्याच्याइतका कंडक्टर माणूस या पृथ्वीवर दुसरा झाला नाही. इतर ग्रहांबद्दल मला मामाने सांगितलं तेवढंच ठाऊक आहे.

मामा ड्यूटीवर असो वा नसो, कंडक्टरच असे. लग्नाच्या पंगतीत जागा कमी पडली की हा उठून "चला, आतमध्ये सरका, मागं मोकळं हाय" असं ओरडे आणि आश्चर्य म्हणजे लोक सरकतही. घरातून चौघं बाहेर पडलो तर उंबऱ्यावर उभा राहून डोकी मोजे. मामीने खोलीतल्या दिव्याला ओढायच्या दोरीचं बटण लावून घेतलं होतं, ते हा गाडी सोडायच्या डबल बेलसारखं नेहमी दोनदा ओढे; त्यामुळे दिवा लागून लगेच विझे, आणि अंधारात मामीचा आवाज येई, "अवो, घर कुठं चाललंय?" त्याच्या स्वतःच्या लग्नाची वरात निघाली तेव्हा नवरदेवाने टेम्पोच्या टपावर थाप मारून ती थांबवली. कारण विचारलं तर म्हणाला, "तुडीलची मावशी राहिलीय." मावशी खरंच राहिली होती. ती मांडवामागे चप्पल शोधत होती. सगळी वरात मावशीच्या चपलेसाठी भर उन्हात थांबली, बँडवाल्यांची गाणी संपली, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरू केली, पण मावशी येऊन बसेपर्यंत नवरदेव हलला नाही. माणूस मागे राहिला आणि गाडी सुटली, यापेक्षा मोठं पाप मामाच्या शास्त्रात नव्हतं.

जहाजाची सुरुवात एका फणसावरून झाली. महाडहून खेडला जाणारी गाडी कशेडीत अडकली होती. पुढे दरड, मागे ट्रकांची रांग, वरून पाऊस. मी तेव्हा शाळेत होते, आणि सुट्टीत मला सांभाळायला घरी कुणी नसलं की आई मला मामाच्या गाडीत बसवून देई. त्या दिवशी एका माणसाचा फणस सीटखालून गडगडत आला आणि दुसऱ्याच्या पायावर बसला. पाय ज्याचा त्याने फणसवाल्याचं खानदान काढलं, फणसवाल्याने त्याचं गाव काढलं, आणि गाव निघाल्यावर अर्धी गाडी उभी राहिली. आता हात उचलले जाणार, एवढ्यात मामाने तिकिटाची पेटी वरच्या दांड्यावर ठोकली आणि म्हणाला, "बसा खाली! तिकडं एक पोर एकटं राहिलंय आणि तुमी फणसावरनं भांडताय?"

सगळे बसले. "कुठं राहिलंय पोर?" पहिल्या सीटवरून भागीआजीने विचारलं. घाटापलीकडच्या पायथ्याच्या वाडीतली ही म्हातारी दर आठवड्याला महाडच्या बाजारात भाजी विकून परत जायची, आणि रिकाम्या पाट्यांसकट कंडक्टरच्या पुढ्यातली जागा तिची असायची.

"लांब. दुसऱ्या ग्रहावर," मामा म्हणाला.

मग त्याने सांगितलं. एक मोठं चांदीसारखं जहाज आहे. ते एका ओसाड ग्रहावर उतरलं, माणसं खाली उतरली, वादळ आलं, माणसं धावत परत चढली. जहाज उडालं. आणि खाली, एका घुमटाच्या काचेला हात लावून, एक लहान पोर वर बघत उभं होतं. ते राहिलं. जहाजातली एक बाई ते बघते आणि रडायला लागते. "पन बेल दिलीच कशी?" फणसवाला कळवळून म्हणाला. "तेच तर," मामा म्हणाला, "न मोजता डबल बेल दिली. आता जहाज ते पोर शोधत फिरतंय. ग्रह सारखे फिरत असतात, जिथं सोडला तिथं राहत नाय. एस.टी.चा थांबा आहे का तो?" तेवढ्यात पुढची दरड निघाली, गाडी हलली आणि गोष्ट तुटली. उतरताना फणसवाल्याने ज्याच्या पायावर फणस पडला होता त्यालाच तो देऊन टाकला. भागीआजी पायरीवर थांबून मामाला म्हणाली (कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात), "मास्तर, पोर गावलं की सांगा हो."

त्यानंतर त्या मार्गावर पावसाळ्यात लोक मुद्दाम मामाची गाडी पकडू लागले, असं मी लिहिलं तर तुम्ही अतिशयोक्ती म्हणाल. म्हणा. दरड पडली नाही तर लोक हळहळायचे, असंही मी लिहिणार आहे. मामाच्या जहाजात कॅप्टन होता, पण तो नुसता ड्रायव्हर; खरा अधिकार बेलच्या दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा. एका ग्रहावर सगळे आरक्षित जागेवर बसून होते आणि उभ्या माणसांना माणूस मानत नव्हते, तेव्हा जहाजाने तिथे जागांचं फेरवाटपच करून टाकलं. एका ग्रहावर सुट्टे पैसे नसल्यामुळे व्यवहार ठप्प झाले होते. एका ग्रहावरचे लोक सहा हातांचे, पण सामान खांद्यावर घ्यायला एकही तयार नाही. शेवटी, कुठेही गेले तरी, जहाजातली ती बाई खिडकीतून बघत विचारायची, "इथं तरी हाय का?" आणि पोर तिथे नसायचंच. कधी काचेवर हाताचा ठसा असायचा, कधी नुकतंच कुणीतरी जेवून गेल्याची खूण. गाडीतले लोक सुस्कारा सोडायचे. मामा दोनदा दोरी ओढायचा.

माझ्या वडिलांना हे अजिबात पसंत नव्हतं. ते शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहिणारे. आमच्या महाडच्या घरात मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. चवदार तळ्यावर हक्काचं पाणी प्यायलेल्या गावातल्या माणसाने तोंड बंद ठेवू नये, असं वडील म्हणायचे आणि मी अजूनही म्हणते. "घाटात रस्ता दर पावसाळ्यात का खचतो, हा प्रश्न लोकांनी विचारायचा, तर तुम्ही त्यांना ग्रह दाखवत बसता," वडील मामाला सुनवायचे. मामा शांतपणे म्हणायचा, "दाजी, तुमचं पत्रक मी प्रत्येक सीटवर वाटतो. लोक वाचतात, आणि मग त्यात भजी बांधतात. माझं जहाज अजून कुणी भज्याला वापरलेलं नाय." पण गंमत अशी की घाटाच्या रस्त्यासाठी वडिलांनी तहसील कचेरीवर मोर्चा काढला तेव्हा सगळ्यात जास्त माणसं मामाच्या गाडीने आली. भागीआजीने तर भाषणाच्या मधेच ओरडून विचारलं, "रस्ता केलात तर आमची गोष्ट कुठं ऐकायची, ते पन सांगा!" वडिलांनी चष्मा पुसला आणि भाषण पुढे चालू केलं. त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे.

आता मुख्य गोष्ट. मामा निवृत्त झाला त्याच्या पुढच्या शिमग्याला भागीआजीच्या वाडीने त्याचा सत्कार ठरवला. शिमग्याला मुंबईकर गावी येतात. त्या वर्षी त्यांनी देवळाच्या सभामंडपासाठी भिंतभर टीव्ही आणला होता, आणि भागीआजीच्या नातवाने, संदेशने, मोबाइलवर ती मालिका शोधून काढली होती. पहिल्या भागापासून, हिंदीत. "मास्तरांच्या हस्ते उद्घाटन आणि मास्तरांचं जहाज प्रत्यक्ष," असं त्याने फळ्यावर लिहिलं. मामाला हे कळल्यावर त्याचा गुडघा दुखू लागला, मग दात, मग पुन्हा गुडघा, पण या वेळी दुसरा. मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. शाल दिली, नारळ दिला, अख्खी वाडी मांडी घालून बसली, आणि संदेश म्हणाला, "मास्तर, तो पोरगा खाली राहतो ना, तोच एपिसोड लावतो."

चांदीसारखं जहाज दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या. मग कुजबुज सुरू झाली. "कंडक्टर कुठं हाय?" "येईल रे, मागं असेल." माणसं खाली उतरली, वादळ आलं, माणसं परत चढली, जहाज उडालं.

"अरे, बेल कुणी दिली?" मागून एकाने ओरडून विचारलं.

"काका, स्पेसशिपला बेल नसते," संदेश म्हणाला.

"मग सुटायचं कसं कळतं?"

पडद्यावर काचेला हात लावलेलं पोर आलं. बाई रडली. भागीआजीनेही पदर डोळ्याला लावला. आणि मग त्या बाईला कपाळ उंच असलेला एक माणूस येऊन म्हणाला की रडू नकोस, ते मूल खरं नव्हतंच. ग्रहावरच्या यंत्राने तुझ्या मनातलं वाचून तयार केलेला तो एक भास होता. बाई हसली. सगळे हसले. जहाज पुढे निघून गेलं. भाग संपला.

 मग भागीआजी उठली. "संदेश, ह्ये बंद कर. ह्ये डुप्लिकेट हाय."

"आजी, हेच ओरिजनल आहे गो!"

"पोराला भास म्हनतात आणि हसतात? ही मानसं हायत? मास्तर, तुमी सांगा. तुमी बघितलंय ना?"

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा काहीतरी रचेल. हा भाग वेगळा आहे, मी पाहिलेला वेगळा होता, असं म्हणेल. पण ज्याने जन्मभर एकदाही खोटं तिकीट फाडलं नाही, तो तिथे कसा फाडणार? मामा उभा राहिला. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताने वर दोरी शोधत असल्यासारखा. म्हणाला, "मी एकच भाग बघितला. त्यातला पन अर्धा. महाडच्या बाजारात टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा होतो, काचेतनं बघत. आवाज येत नव्हता. ते पोर दिसलं, बाई रडली, आणि माझी गाडी लागली. पुढचं मला ठाऊक नाय. ते पोर तसंच राहिलं असं मला वाटलं. मग मला बरं वाटेना. म्हून मी जहाज माघारी फिरवलं."

"आणि बाकीचे ग्रह?" फणसवाल्याच्या सुरात कुणीतरी विचारलं.

"माझेच."

एवढ्या वर्षांच्या श्रोत्यांनी काय करावं? मी मनात भाषण तयार केलं होतं, कल्पनाशक्तीच्या हक्कावर, चांगलं जळजळीत. त्याची गरज पडली नाही. भागीआजी मामासमोर गेली आणि म्हणाली, "तुमची गाडी लागली ते बरं झालं. ह्ये पुरं बघून आला असतात तर आमाला काय, हेच हसनं सांगितलं असतंत. बसा. आता पुढचं सांगा." संदेशने टीव्ही बंद केला. अख्खी वाडी पुढे सरकली.

पण मामाने सांगितलं नाही. "आता खरं सगळ्यांच्या मोबाइलात हाय गो आजी," एवढंच म्हणाला, आणि नारळ माझ्या हातात देऊन चपला घालायला गेला. त्या दिवसापासून त्याने जहाजाचं नाव काढलेलं नाही. मी विचारलं तर म्हणतो, "भास होता म्हणे ना तो." भागीआजी अजून महाडच्या बाजाराला येते. परवा मला म्हणाली, "त्या पोराला आमी भास मानलेलं नाय. मास्तरांना सांग. आनि माझं वय बघून सांगू दे काय ते, लय ग्रह नको आता." मी निरोप दिला. मामाने तो ऐकला आणि खेडची गाडी सुटायची वेळ झाली म्हणून स्टँडवर निघून गेला.

आता कशेडीला बोगदा झाला आहे. वडील असते तर खूश झाले असते, मीही खूश आहे. रस्ता मागितला होता, मिळाला. पण बोगद्यातून गाडी अशी झटक्यात निघते की तेवढ्या वेळात एक ग्रहसुद्धा नीट येत नाही. सगळे मोबाइलात मान घालून इकडून शिरतात आणि तसेच तिकडून बाहेर पडतात.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि ती मी पत्रकासारखीच करते, म्हणजे वाचून भजी बांधू नयेत. तुम्ही कधी महाडच्या एस.टी. स्टँडवर उतरलात, तर संध्याकाळी खेडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर एक उंच, किडकिडीत म्हातारा बसलेला दिसेल. गाडी सुटताना तो बसल्या जागेवरून खिडक्यांतली डोकी मोजत असेल. तुमची गाडी लागली असेल तरी ती जाऊ द्या, दुसरी मिळते. त्याच्याशेजारी बसा. मालिकेचं नाव काढू नका, मोबाइल काढू नका, मी पाठवलं हेही सांगू नका. फक्त विचारा, "मास्तर, ते पोर गावलं का?" आणि त्याने काही सांगितलं, तर आधी घाटाखालच्या वाडीत जाऊन भागीआजीला सांगा. मला नंतर सांगितलंत तरी चालेल.